आईच्या फोनमधली ‘नेसरीची पावणी’

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला भुताची भीती नसते, बॅकअप न घेतल्याची असते! तरीही हे सांगतोय...

आम्ही कोल्हापूरचे, कळंब्याला राहतो. आईला स्मार्टफोन दिला तेव्हा सोपं पडावं म्हणून त्यात माझंच अकाउंट टाकलं. झालं! दोघांचे कॉन्टॅक्ट क्लाउडवर एक झाले. आईनं तिकडं नाव बदललं की इकडं माझ्या फोनमध्येही बदललेलं. डॉक्टर झाले ‘सुई टोचनारा’, माझे घरमालक ‘बाळूचा खडूस’; बाळू म्हणजे मी. घरमालक समोर असले की मी फोन पालथा ठेवायचो.

माझी बायको नेसरी गावची, ती मात्र ‘नेसरीची पावणी’, म्हणजे पाहुणीच. आमचं लव्ह मॅरेज आईला पटलं नव्हतं. कधी भांडली नाही, पण हिला जवळही केलं नाही. शेवटच्या आजारपणात आंघोळ, पेज, वेणीफणी सगळं हिनंच केलं. तरी नाव तेच. आई गेली तेव्हा ही कोपऱ्यात उभी होती, डोळ्यांत पाणी नाही. सासूला ती आत्ती म्हणायची. मला एवढंच म्हणाली, “आत्तींनी मला शेवटपत्तोर पावणीच ठेवलं की ओ.”

आईच्या फोनची बॅटरी फुगली होती. ती मीच काढून टाकली, सिम बंद केलं आणि फोन कपाटात ठेवला.

काही महिन्यांनी, भर दुपारी, दुकानात माझा फोन वाजला. स्क्रीनवर — ‘माझी लेक’. मला बहीण नाही, मूलबाळ नाही. फ्रॉड कॉल समजून मी आवाज चढवला, “कोण बोलतंय?”

“कोण म्हंजे? येताना दही आना म्हनायला फोन केला, तर अंगावर काय येतासा?”

ही होती! नंबर तोच, नाव तेवढं बदललेलं. मी बदललं नव्हतं. ते अकाउंट आणखी कुणाकडं नव्हतं. आईनं आधीच बदललेलं उशिरा पोचलं म्हणावं, तर क्लाउडवर जायला फोन चालू लागतो... आणि त्याला बॅटरीच नाही!

संध्याकाळी तिला दाखवलं. “चेष्टा करतासा व्हय माझी?” म्हणून चिडलीच. मी आईची शपथ घेतली. तिनं नाव पुन्हा वाचलं, मग खाली बसून मोठ्यानं रडली. मलाही राहवलं नाही.

जरा वेळानं म्हणालो, “जुने कॉन्टॅक्ट परत आणून बघूया का... नाव पुन्हा जुनं होईल, पण काय झालं ते कळेल.”

“हात लावलासा तर बघा!” तिनं फोन ओढूनच घेतला.

त्यामुळं कारण मला आजही माहीत नाही. परवा शेजारणीनं सहज विचारलं, “सासू लई खाष्ट होती म्हनं तुमची?”

ही कडाडली, “आई होती ती माझी. तोंड सांभाळून बोला!”