उल्केला लावलेला शेंदूर

पाथर्डी तालुक्यातल्या कारभारी आव्हाडांनी दोन वर्षांपूर्वी भर दुपारी आपल्या तुरीत दगड पडताना पाहिला. आधी आभाळ गडगडलं, मग बांधाजवळ धूळ उडाली. नारळाएवढा काळा दगड होता, एका अंगानं फुटलेला. माणूस चौथी शिकलेला. पण ही उल्का आहे, तपासेपर्यंत जपून ठेवा, हे गावातल्या गुरुजींनी सांगितलेलं त्यांनी ध्यानात ठेवलं. दगड कोऱ्या कागदात गुंडाळून फडताळात ठेवला आणि बायकोला, गोजरबाईला, बजावलं, "याला पानी लावू नको. हात सुदिक लावू नको. तपासायला मानसं येनार हायेत."

नवव्या दिवशी औत सोडताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर गोजरबाईनं फडताळ उघडलं. नवऱ्यानं घरात आणलेली ती शेवटची वस्तू. तिनं दगड देव्हाऱ्यात मांडला, तेल-शेंदूर लावला आणि रोज हात जोडू लागली.

महिन्याभरानं, गुरुजींनी कळवलं म्हणून, आरती आली. ती शहरातल्या सावेडीची, उल्कांवर संशोधन करणारी. देव्हारा पाहून तिचा चेहरा उतरला, पण तिनं बोलून दाखवलं नाही.

"आजी, पृथ्वी व्हायच्या आधीचे कण आहेत यात. त्यांत कुठले धातू किती, अगदी नखभर का असेनात, ते मोजलं की कण कसल्या आगीत घडले ते कळतं."

"मंग ने. त्यांची लई इच्छा हुती."

आठ महिन्यांनी आरती परत आली. ओट्यावर बसून तिनं खरं ते सांगितलं. दगड सच्छिद्र होता. तेल आत मुरलं, शेंदरातलं शिसं बारीक चिरांतून खनिजांच्या कणांपर्यंत गेलं. शिसं मोजावं तर आभाळातलं कुठलं आणि देव्हाऱ्यातलं कुठलं, ते निवडता येईना. बाकीच्या धातूंच्या आकड्यांवरही विसंबता येईना. दुसरा तुकडा शोधूनही सापडला नव्हता.



"मला सांगून गेल्ते ते," गोजरबाई म्हणाली. "हात लावू नको म्हनले हुते."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, आजी?"

"सांगितलं हुतं ना पन." तिनं पदरानं डोळे टिपले. "तू ल्हिशील त्यात त्यांचं नाव घालशील का? दगड कुनाला घावला, येवढंच."

आरतीनं तिचा हात धरला. लिहिण्याजोगं काही हाती उरलंच नव्हतं, हे तिला सांगवेना.