पाच ताऱ्यांचा आहेर

मी गोष्टी लिहिते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. वाचत कुणी नाही. नांदेडहून रोज लोह्याला शिकवायला जाते. येता-जाता एसटीत बसायला जागा मिळाली तर मोबाइलवर लिहायचं, आठवड्याला एक भाग गोष्टींच्या ॲपवर टाकायचा आणि त्याची लिंक घरच्या ग्रुपवर द्यायची. लिंक पडली की चहाला उकळी यायच्या आत पाच-पाच तारे येतात. भाग वाचायला निदान दहा मिनिटं लागतात. यावर मी आता काही बोलत नाही, बोलायचा कंटाळा आलाय.

तारे म्हणजे आमच्याकडं आहेर होऊन बसलेत. ॲपवरचे बाकीचे लिहिणारेही त्यातलेच. 'ताई, मी तुम्हाला पाच दिले, आता तुम्ही माझ्याकडे या.' लग्नात एकानं टॉवेल-टोपी केली की दुसऱ्यानं त्याच्या घरच्या लग्नात तेवढ्याच तोलाची करायची. टॉवेल उघडून बघायची पद्धत नाही.

मला एरवी त्याचं एवढं वाटलं नसतं. पण या वेळची गोष्ट आईची होती. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात तिचा सगळा जन्म गेला. ती गेल्यावर घरात तिचे फोटो राहिले, आवाज कुठंच राहिला नाही. मोबाइल समोर धरला की ती पदर सारखा करून गप्प बसायची. तिचा चेहरा मला दिसतो, पण तिचं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं, आणि त्याची मला फार भीती वाटत होती. लिहिता लिहिता ऐकू येईल म्हणून लिहायला घेतलं. सहा-सात भाग झाले तरी आलं नाही.

तारे मात्र येत होते. 'आई म्हणजे देव', 'डोळ्यांत पाणी आलं', खाली हात जोडलेले. एका आठवड्यात दमलेल्या डोक्यानं मी मागचाच भाग परत टाकला. त्यालाही पाच तारे. लातूरला राहणाऱ्या धाकट्या भावानं तर वर मेसेज केला, 'आजचा भाग लई भारी, आक्का.'

चूक एकीच्याच लक्षात आली. इस्लापूरकडच्या कुणी बाई होत्या. तारे तीनच दिले होते, पण खाली लिहिलं होतं: 'ताई, मागचाच भाग परत पडलाय. आणखी एक, राग मानू नका. तुमची आई सगळ्यांना जेवू घालते, सगळ्यांचं ऐकून घेते, चिडत कधीच न्हाई. आमची माय लई चिडायची. तुमची आई मला हार घातलेल्या फोटोवानी दिसून राहिली. जिती असताना कशी बोलायची ती?'

अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईबद्दल मला विचारणाऱ्या ह्या कोण? तेवढ्यात भावाचा फोन.

"कोण हाय ही? तीनच तारे? रिपोर्ट मार तिला."

"तू वाचलास का भाग?"

"वाचलो की. लई भारी."

फोन ठेवला आणि राग कुणाचा करावा तेच कळेना. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तरी लिहायला हात होईना. कशी बोलायची ती? बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आमची आई शिव्या दिल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हती. तिला देवी करायच्या नादात मी तिचं तोंडच बंद केलं होतं.

मग कुरडयांचा दिवस लिहिला. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका मिळून कुरडया घालायच्या, आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. आमच्या अंगणात चुलती म्हणाली, चीक पातळ झालाय. आईनं शिजवलेल्या चिकाचं अख्खं पातेलं मोरीत पालथं केलं आणि बायकांना सोऱ्यासकट घरी पाठवलं. पुढं मी दोघी जावांचा समेट लिहिला होता. तो झालाच नव्हता, म्हणून खोडला.

तारे धडाधड खाली आले. घरच्या ग्रुपवर सगळे चिडीचूप. इस्लापूरच्या बाईंचंही काही आलं नाही. संध्याकाळी लोह्याच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा भावाचा फोन आला.

"आक्का, आईचं असं लिहितेत का? भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. एकच तारा दिलो मी."

"बरं," म्हणाले. भांडायलाही त्राण नव्हतं.

तो फोन ठेवेना.

"आन् तसं झालंच न्हाई," तो म्हणाला. "पातेलं पालथं कुठं केली? फेकून मारली होती. काकूच्या पायाला लागलं. मी तितंच होतो, पाटावर बसून चीक खाऊन राहिलो होतो."

म्हणजे त्यानं वाचलं होतं. शेवटपर्यंत.

"आन् काय म्हणली ती, ते तर तू लिहिलीच न्हाईस." त्यानं घसा खाकरला, आणि नाकातून, शेवटचा शब्द लांब ओढत म्हणाला, "'पातळ हाय व्हय? मग पी की, भवाने! गिलास देऊ काऽऽ?'"

गाडी लागली होती. लोक मला ढकलून चढत होते. जागा जाणार हे दिसत होतं, पण पाय उचलेना. कान फोनला तसाच दाबून धरला.

"परत म्हण," मी म्हणाले.