बंदीच्या अलीकडे

१३ एप्रिल २०१९, शनिवार. वाडीतले उतरवलेले चिकू पिकले होते आणि मी ओट्यावर बसून ते सुकवायला कापत होते. चिकू सोलायचा, बी काढायची, फोडी जाळीवर पसरायच्या. दोन्ही हात चिकट होते, म्हणून बहिणीचा फोन आला तेव्हा भाचीने तो माझ्या कानाला लावून धरला.

"खेळतेय ना ती?" बहिणीने विचारलं.

"दुसरं काय करते?"

"खेळू दे. तिकडे भीती नाही."

बहीण गुजरातेत दिलेली. तिच्या शहरात पोलिसांनी मोबाइलवरच्या त्या बंदुकांच्या खेळावर बंदी घातली होती. मुलं अभ्यास सोडून त्यातच बुडतात म्हणून. खेळताना सापडलेल्या पोरांना चौकीत नेल्याच्या बातम्याही आल्या होत्या. भाचीची नववीची परीक्षा संपली होती आणि फोन काही हातातून सुटत नव्हता. मुलीला पोलिसांनी नेलं तर काय, या धास्तीने बहिणीने खेळ थांबवला नाही, मुलगीच सीमेच्या अलीकडे माझ्याकडे, तलासरीला पाठवली. इकडे बंदी नव्हती.

आल्यापासून मी तिचं निरीक्षण करत होते. घरात पंखा असताना ही वाडीच्या पार टोकाला, झाडाखाली खाट टाकून बसायची. डास चावले तरी हलायची नाही. शेवटी कारण विचारलं.

"मावशी, घरात गुजरातचा टॉवर पकडतो. पोलिसांना दिसलं तर?"

ते खरं होतं. आमच्या मागच्या खोलीत शिरलं की गुजरातेत स्वागत असल्याचा मेसेज येतो. बंदी टॉवरवर असते की माणसावर, हा प्रश्न मलाही पडला. सुकवलेला चिकू न्यायला ओळखीचे हवालदार आले, त्यांनाच विचारलं.

"बाई, टॉवरला बेड्या घालायच्या काय?" ते हसले. "माणूस बसलाय कुठे ते बघतात. तुमचं घर महाराष्ट्रात. विषय संपला."

भाची लगेच पंख्याखाली आली.

मग मी हातातलं काम चालू ठेवून खेळाची चौकशी केली.

"माणसं किती असतात यात?"

"शंभर."

"आणि शेवटी?"

"एक उरतो."

"तू उरतेस कधी?"

"दोनदा उरले."

"मग काय मिळालं?"

"परत पहिल्यापासून," ती म्हणाली. तिला माझा प्रश्न अडाणीपणाचा वाटला असावा.

बंदीची गुजराती बातमी तिने मला वाचून दाखवली. कुणी खेळायचं नाही, पकडल्यास कारवाई काय, सगळं होतं. मुलाच्या हातातून फोन काढायचा कसा आणि काढल्यावर त्याला काय द्यायचं, याबद्दल तिने वाचलेल्या भागात काही नव्हतं. मी दोनदा विचारलं. "नाहीये, मावशी," ती म्हणाली.

संध्याकाळी भावोजी आले. ते बऱ्याच शनिवारी येतात. गुजरातेत दारूबंदी, म्हणून आमच्याकडे मुक्काम. मला फरसाणाचा पुडा दिला, मुलीला "काय म्हणतेस?" विचारलं आणि बाइक फिरवून हायवेकडे गेले. परत आले ते डोळे लाल करून, आणि न जेवता आडवे झाले.

भाचीने स्क्रीनवरून मान वर न करता म्हटलं, "पप्पांचं आणि माझं सेमच ना? तिकडे बंद, इकडे चालू."

टोमणा नव्हता. तिला ती सोय वाटत होती. पुढच्या वर्षी दहावी, आणि या मुलीला आत्ताच कळलं होतं की नियम आला की जागा बदलायची.

मी हात धुतले आणि बहिणीला फोन लावला.

"तुला तिला पोलिसांपासून वाचवायचंय की त्या खेळापासून?"

"आधी पोलिसांपासून."

"आणि मग?"

"ह्यांना इतकी वर्षं थांबवता आलं नाही मला. तिला कशी थांबवू, तूच सांग."

"माझ्याकडे पाठवून तरी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्या उन्हात काढायचं काम शेजारणीवर सोपवलं आणि भावोजी उठायच्या आत भाचीला घेऊन बस पकडली. बसमध्येच तिला तो खेळ फोनमधून काढायला लावला.

"परत टाकता येतो तो," तिने बजावलं.

"येतो ना. बंदी उठली की आईला विचारून टाक."

बहिणीच्या घरी गेल्यावर चहाही न घेता तिला सांगितलं की मुलगी तुझ्यासमोर राहील, फोन किती वेळ द्यायचा ते तू ठरव, तिने रडारड केली तरी मला फोन करू नकोस. पुढच्या शनिवारपासून भावोजींनाही माझ्याकडे मुक्काम नाही, हे सांगितलं. मग चहा घेतला.