सराईची चूल कोण पेटवतंय?

आमच्या धाकट्या भावाला सगळे घुम्या म्हणायचे. नाव मी ठेवलं नव्हतं, पण चुकीचं होतं असंही म्हणणार नाही. त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे अक्कलदाढ उपटण्याइतकी मेहनत. आणि दैवाची गंमत बघा, या मुखदुर्बळाच्या वाट्याला धंदा आला तो लोकांच्या तोंडांचाच. घुम्या कवळ्या बनवायचा.

दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे घेऊन त्याच्याकडे पाठवत. हा त्यात प्लास्टर ओतायचा, वाळलं की वर मेणाची हिरडी चढवायचा आणि तिच्यात एकेक दात रोवायचा. बर्नरवर पातं तापवून मेण सारखं करायचं, मान वाकडी करून बघायचं, पुन्हा तापवायचं. मागच्या खोलीतल्या फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांगच्या रांग असायची. कामवाली त्या खोलीत झाडू मारायला तयार नव्हती. म्हणायची, "एवढे सगळे हसतायत आणि खोलीत माणूस नाही. मला नाही जमणार." मी तिला भित्री भागूबाई म्हणून घालवून दिलं होतं.

मी बसकंडक्टर. उभा जन्म ओरडण्यात गेला. मी लग्न केलं नाही, त्याचं झालं नाही, तेव्हा आई-वडिलांच्या मागे आम्ही दोघंच त्या घरात. मी बोलायचं, त्याने मान हलवायची, असा आमचा संसार. एकदा मात्र तो सलग दोन वाक्यं बोलला होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना पांढरेशुभ्र दात का देत नाहीस? तर म्हणाला, "शोभत नाहीत अक्का. दातांनासुद्धा वय असावं लागतं." मी ते शेजारणीला जाऊन सांगितलं, घुम्या बोलला म्हणून.

काम आटोपलं की तो त्याच खोलीत कॉम्प्युटर लावून बसायचा. टकटक, टकटक. मी एकदा डोकावले तर काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं सरकतायत. "हे काय?" "खेळ." "चित्रं कुठायत?" "नाहीत." चित्रं नसलेला खेळ हा वीस-बावीस वर्षं खेळत होता. मी म्हटलं, दारू नाही, जुगार नाही, बडवू दे बापडा बटणं.

मग एका सकाळी तो बसल्या जागी कलंडला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नळ्या लावल्या, डोळे उघडले ते नाहीच. नर्स म्हणाली, "बोलत राहा त्यांच्याशी. कधीकधी ऐकू जातं." बोलण्याचं मला कुणी शिकवायला नको. मी त्याच्या कानाशी बसून बोलत राहिले. शिव्या घातल्या, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, वरच्या बिऱ्हाडाची उणीदुणी काढली. शेवटच्या दिवशी जे सांगितलं ते मात्र आजवर कुणापाशी बोललेले नाही. त्याच संध्याकाळी तो गेला.

नंतर एकच किडा डोकं पोखरत राहिला. ऐकू गेलं का त्याला? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. जेवताना, कपडे वाळत घालताना, सारखं तेच. ऐकलं असेल का? ऐकलं नसेल तर मी एवढे दिवस भिंतीशी बोलत होते. आणि ऐकलं असेल, तर ते शेवटचं वाक्यही त्याने ऐकलं.

काही दिवसांनी तीन माणसं दारात उभी राहिली. मला वाटलं, कवळीची गिऱ्हाइकं. मी म्हटलं, "तो गेला. ठसे परत हवे असतील तर शोधून देते." पुढच्या दाढीवाल्याने हात जोडले. "ठाऊक आहे आम्हाला. मी लोहार. ही वैद्यीण. आणि हा चोर."

चोर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक निघाले. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला पिशवी. अशा माणसाला साधा चमचासुद्धा ढापता आला नसता. वैद्यीण कापडाच्या दुकानात कामाला होती. लोहार कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि तो खेळ ज्या यंत्रावर चालतो तेही तोच सांभाळायचा. तिघं खेळातले. एकमेकांना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही माझ्या दारात.

चहा देता देता कळलं की खेळ म्हणजे एक गाव आहे. त्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि तो माणूस काय करतो, काय बोलतो ते लिहीत राहायचं. आमचा घुम्या तिथला सराईवाला होता. वेशीवरच्या सराईत येईल त्या वाटसरूला बसवायचं, गरम काहीतरी वाढायचं आणि गप्पा मारायच्या, हे त्याचं काम.

"गप्पा?" मी विचारलं. "घुम्या?"

"त्यांच्यासारखा बोलका माणूस आम्ही बघितला नाही," वैद्यीण म्हणाली. "माझा नवरा सोडून गेला तेव्हा रोज माझ्याशी बोलत बसायचे. त्यांनी बोलतं ठेवलं म्हणून मी आज आहे."

"आणि सगळ्यात जास्त कुणाबद्दल बोलायचे सांगू?" मुख्याध्यापक म्हणाले. "एका कंडक्टरबाईंबद्दल. हसून हसून पोट दुखायचं आमचं."

मला राग आला. खरंच आला. मला घरी मुका भाऊ आणि परक्यांच्या दारात याची पोपटपंची. आणि मग त्याच रागात रडू फुटलं, कारण एवढी वर्षं मला वाटत होतं की त्याला कुणीच नाही.

जाताना लोहार म्हणाला, "सराई बंद पडू दिलेली नाही आम्ही. चूल रोज पेटते." त्या खेळाची अशी रीत होती, की सराईवाल्याने रोज चूल पेटवली तरच सराईचं दार उघडायचं. म्हणून जुनी माणसं आपल्या सोंगाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोन-तीन सोबत्यांकडे देऊन ठेवत. कुणी आजारी पडलं, गावाला गेलं, तर सोबत्याने त्याच्या ढंगात त्याचं सोंग चालवायचं. घुम्याची किल्ली या तिघांकडे होती. आणि आत कोण आहे हे कुणी कुणाला विचारायचं नाही, हा नियम. विचारलं की सोंग मोडतं.

मी ठरवलं, या माणसांचे रीतसर आभार मानायचे, आणि तेही त्यांच्या गावात जाऊन. एका दुपारी सगळे जमतील असं ठरलं. त्या दिवशी मी मागच्या खोलीचं दार उघडलं. कॉम्प्युटर मी तो गेल्यावर लगेच तारा काढून, वर चादर टाकून ठेवला होता. धूळ पुसली, तारा जोडल्या. लोहाराने फोनवर सांगितलं तशी बटणं दाबली आणि 'अक्का' या नावाने आत शिरले.

पडद्यावर आलं, "तुम्ही सराईत आला आहात. चूल पेटलेली आहे." खाली नावं होती. लोहार, वैद्यीण, चोर, आणखी पंधरा-वीस जण. आणि सराईवाला.

"या, या," सराईवाला म्हणाला. "पाय पुसून या. अक्काला चुलीजवळची जागा द्या रे, तिचे गुडघे दुखतात."

सगळे हसले, म्हणजे तसं लिहिलं. मी एका बोटाने टायपू लागले. लिहिलं की माझा भाऊ घरात बोलला नाही याचं मला वाईट वाटायचं, पण तो कुठेतरी बोलत होता हे कळल्यापासून माझी छाती हलकी झाली. तुम्ही त्याचं ऐकलंत. त्याच्या विनोदांना हसलात. तो गेल्यावरही त्याची चूल विझू दिली नाहीत. सख्ख्या नातेवाइकांनी दहाव्या दिवशी तोंड फिरवलं, तुम्ही अजून त्याच्या दारात बसलाय. तुमचे उपकार मी कुठे फेडू? अर्धे शब्द चुकत होते.

"अक्का," सराईवाला म्हणाला, "चष्मा कपाळावर आहे. डोळ्यांवर घे."

मी हात लावला. चष्मा कपाळावरच होता.

मला हसूच आलं. घुम्याने माझी सगळी अंडीपिल्ली बाहेर काढलेली दिसत होती. मी लिहिलं, "हुबेहूब नक्कल करता हो. आज पाळी कुणाची? त्याचे वेगळे आभार मानते."

मग वैद्यीण म्हणाली, "असं विचारत नाहीत, अक्का."

"मी कंडक्टर होते. विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही."

चोर म्हणाला, "मी नाही. मला वाटत होतं रोज वैद्यीणच पेटवते."

"मी? ते गेल्यापासून मी किल्लीला हातसुद्धा लावलेला नाही. मला झेपलं नसतं. लोहारच करतोय असं धरून चालले होते मी."

"आणि मी धरून चाललो होतो की तुम्ही दोघं आळीपाळीने," लोहार म्हणाला.

कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. तिथे विचारायची रीतच नव्हती. पडद्यावर एवढंच आलं, "सराईवाला चुलीत लाकूड सारतो."

फोन वाजला. लोहार होता. मघाशी मला बटणं सांगणारा त्याचा आवाज आता ओळखू येत नव्हता.

"अक्का, घरात आणखी कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटी."

"सराईवाला तुमच्याच घरातून जोडला गेलाय. ते आजारी पडले त्या सकाळी आत आला, आणि अजून बाहेरच पडलेला नाही."

"अहो, पण हे मशीन मी स्वतः तारा काढून ठेवलं होतं."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "ते बंद करा आणि बाहेर येऊन बसा. प्लीज."

मी फोन ठेवला. बाहेर रखरखीत ऊन होतं, शेजारच्या बाल्कनीत कुणीतरी गादी झोडपत होतं. आणि खोलीत मेणाचा वास येत होता, आत्ता तापवल्यासारखा. बर्नर थंडगार होता, मी हात लावून बघितला. फळीवरचे जबडे जिथल्या तिथे होते. मला पहिल्यांदाच कामवालीचं म्हणणं पटलं. तरी खुर्चीवरून उठवेना.

पडद्यावर वैद्यीण म्हणत होती, "आम्ही इथेच आहोत, अक्का. कुणी हलणार नाही." चोर म्हणाला, "मीही." बाकीचेही एकामागून एक तेच म्हणाले. बघा, घाबरलेल्या माणसांचीसुद्धा माया कशी असते.

मी लिहिलं, "दवाखान्यात मी बोलत होते ते ऐकू आलं का रे तुला?"

इतरांची वाक्यं अख्खी उमटायची. हे उत्तर एकेक अक्षर करत आलं.

"सगळं आलं. वरच्या बिऱ्हाडाचंसुद्धा."

मी तोंडावर हात दाबून धरला.

"शेवटी म्हणालीस, थकला असशील तर जा, माझं मी बघेन. म्हणून गेलो."

हे मी त्याच्या कानात म्हणाले होते. नर्स बाहेर होती. खोलीत तिसरं माणूस नव्हतं.

"खरं म्हणालीस की उगाच?" पुढची अक्षरं आली. "उगाच म्हणाली असशील तर सांग. येतो परत. दार लांब नाही."

माझ्या पाठीमागे फळीवर दातावर दात आपटल्याचा आवाज झाला. हलकेच, एकदाच. मी वळून बघितलं नाही.

सगळे म्हणत होते म्हणून मी तसं म्हणाले होते. त्याला मोकळा करा, जा म्हणा, तुमच्यात अडकलाय तो, असं जो तो सांगत होता. मी तोंडाने जा म्हटलं आणि मनातून ओरडत होते, ऊठ, मेल्या, ऊठ, मला एकटीला टाकून जाऊ नकोस. आताही बोटाखाली तेच होतं. ये. दोनच बटणांचं काम. पण तो काय होऊन येईल, कुठल्या तोंडाने येईल, आणि इथे येऊन पुन्हा मुका होऊन बसेल का, हे मला कोण सांगणार होतं? तिकडे निदान तो बोलत होता. त्याच्याभोवती वीस माणसं बसली होती, घाबरूनही न उठता.

मी लिहिलं, "खरंच म्हणाले होते. तू तिथेच राहा. माझं छान चाललंय."

मग आलं, "सराईवाला चुलीपाशी बसतो." मेणाचा वास हळूहळू विरत गेला.

लिहिलं म्हणून खपलं. माझा आवाज ऐकला असता, तर त्याने खोटं तेव्हाच ओळखलं असतं.