चौथा ठिपका

छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर बाबांनी घरातले देव नदीत सोडले, त्यांच्या मागोमाग भूतंही गेली, असं मी नेहमी हसत सांगतो. अंगारे-धुपारे, अंगात येणं... छे! आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण वय झालं, आता अजून किती दिवस पोटात ठेवू?

१९६४चा मे महिना. अमरावतीत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी सहा महिन्यांपासून कामाला होतो. दोन्ही डोळे मिळून पेशंटला खोली, म्हणजे काय जवळ अन् काय लांब ते, कळते की नाही, ते तपासायचं काम माझ्याकडे. डॉक्टरांनी मुंबईहून एका भल्यामोठ्या माशीचं चित्र आणलं होतं. खास चष्मा लावून पाहिलं की माशीचे पंख कागदाच्या वर उचललेले दिसायचे. पेशंटला म्हणायचं, "पंख चिमटीत धरा." चांगल्या नजरेचा माणूस कागदाच्या दोन बोटं वर, हवेतच चिमूट धरायचा. काही जण तर किळस येऊन हातच मागे घ्यायचे.

आणि मी? माझी चिमूट थेट कागदावर! डावा डोळा लहानपणापासून मंद, त्यामुळे सगळं जग मला कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सपाट. डॉक्टर चिडवायचे, "लेका, तूच नापास अन् तूच मास्तर!"

त्याचं मला काही वाटत नसे. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. मी दोन वर्षांचा असताना माय गेली. मला ती आठवतच नाही. तिचा एकच फोटो होता, अकोल्याच्या एका स्टुडिओत काढलेला – खुर्चीवर ती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला मी, आणि तिचा उजवा हात त्या दुपट्याखाली झाकलेला. एकदा, फक्त एकदा, ती कागदातून उठून माझ्यासमोर बसावी... बस्स, एवढंच मला हवं होतं.

दवाखान्यात लाकडी स्टिरिओस्कोप होता. समोर दोन भिंगं, आणि पलीकडे एका कार्डावर शेजारीशेजारी दोन फोटो. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की चित्राला खोली यायची. मग मी काय शहाणपणा केला? मायच्या फोटोच्या दोन कॉप्या काढून आणल्या आणि खळ लावून कार्डावर चिकटवल्या. दोन डोळ्यांना दोन फोटो – झालं!

भर दुपार होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खिडकीच्या वाळ्याच्या पडद्यावर नुकतंच पाणी मारलं होतं, खोलीत हिरवट अंधार आणि तो थंड वास. डॉक्टर जेवायला गेले होते. मी भिंगांना डोळे लावले.

आधी काहीच नाही. मग... कसं सांगू... मायच्या मागचा स्टुडिओचा पडदा हळूहळू दूर सरकला. खुर्चीचा हात पुढे आला. आणि त्या दोन्हींच्या मधे माय बसलेली होती. तिच्या नाकाला उंची होती, कानामागे जागा होती! मी श्वाससुद्धा घेईना. मान जराशी कलती केली, तर मला दुपट्याच्या पलीकडची बाजू दिसली. तिथे तिचा उजवा हात होता. मनगटावर गोंदण – एका ओळीत चार ठिपके, चौथा मात्र खाली घसरलेला. तो हात मला थोपटत होता.

डॉक्टर परत आले तेव्हा मी ढसाढसा रडत होतो. काय दिसलं ते मी सांगितलं, तशी त्यांनी लगेच माझी नजर तपासली. माशी सपाटच! मग कार्ड हातात घेऊन म्हणाले, "वेड्या, दोन फोटो दोन जागांवरून काढलेले लागतात. तू एकच फोटो दोनदा चिकटवला. यात माझ्यासारख्या दोन डोळेवाल्यालाही खोली दिसणार नाही."

रविवारी एसटीने अकोटला गेलो. बाबा तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. जेवायला बसले होते.

"बाबा, मायच्या हातावर गोंदण होतं काय?"

"काहून?"

"चार ठिपके. शेवटचा जरा खाली."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "कोनं सांगतलं तुले?"

मी त्यांच्यासमोर बसलो.

"तू पोटात होता तवा गोंदलं तिनं. चौथ्या ठिपक्याच्या टायमाले तुनं आतून अशी लात हाणली, का तिचा हातच हालला. गोंदनारी बाई चिडली. अन् तुयी माय हासून राहिली... म्हने, पोरानं सही केली!" बाबा डोळे पुसायला लागले. "मीच इसरून गेलतो रे. कोनाले सांगतलंच नाई कधी."

आम्ही दोघं बापलेक त्या ताटापाशी खूप रडलो. ताट तसंच राहिलं.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. शेकडो वेळा पाहिलं... सपाट. दुपट्याखाली हात नाही, काही नाही. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण तुमची आई कशी होती हो, असं कुणी विचारलं, तर मी आता तो फोटो बाहेर काढत नाही. स्वतःचं मनगट पुढे करतो, बोट ठेवतो आणि सांगतो – इथे. जरा खाली.