बिबट्याला नवसाचा कोंबडा

सुरुवातीलाच माफी मागते. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिलीपेक्षा लाटणंच जास्त राहिलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असं की ओळ डावीकडून निघते ती उजवीकडे पोचेपर्यंत खालच्या ओळीच्या घरात शिरते. पण हे वाचणार कोण? मीच. तेव्हा माफी मागणारीही मी आणि देणारीही मी. (दिली.)

तर, माझ्या आईने एकदा बिबट्याला कोंबडा दिला आणि बिबट्याने तो घेतला नाही.

वाशीत आमची बिल्डिंग नवी होती आणि समोर नुसता माती टाकलेला माळ होता, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझं माहेर डोंगराच्या कडेचं, आणि डोंगराखाली आमचा वाघोबा. म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, त्यावर वाघ कोरलेला. (तो वाघापेक्षा मांजरासारखा जास्त दिसायचा, पण आईसमोर तसं बोलायची सोय नव्हती.) आईने त्याला नवस बोलला, "माझ्या लेकीला पोर होऊ दे, तुना जित्ता कोंबडा देईन." मंदा झाली. पण मी बाळंतपणातून उठून नवस फेडायला जाईपर्यंत तिथे नव्या रस्त्याचा भराव पडला आणि वाघोबा त्याच्याखाली गेला. देव जागेवर नाही म्हटल्यावर कोंबडा द्यायचा कोणाला?

मंदा पाच वर्षांची झाली. आईचे गुडघे धरले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि जे काही बिघडेल ते नवसामुळे. पाय दुखला, नवस. भाकरी करपली, नवस. दर भेटीला तिचं एकच, "देवाचं देनं डोक्याव ठेवून मरू काय गो मी? वर गेल्याव काय तोंड दाखवू?" एवढं बोलून ती डोळ्याला पदर लावायची.

शेवटी ती गावच्या भगताकडे गेली. त्याने डोळे मिटले, दक्षिणा घेतली आणि सांगितलं, "दगड गेला तरी वाघोबा कुठं जातो? जिथं वाघ, तिथं वाघोबा." आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी जेवताना सहज सांगितलं की बसने अर्ध्या तासावर जी बाग आहे, तिच्या मागच्या बाजूला पिंजरे बांधलेत, आणि त्यात सर्कशीतून आलेला एक म्हातारा बिबट्यासुद्धा आहे. (आमच्या गावाकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.) सहज सांगितलं! आई त्या दिवशी आमच्याकडे आली होती, ताक वाढत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, गुडघा.

रविवारी सकाळी आई दारात हजर. ठेवणीतलं लुगडं, केसात फूल, हातात वायरची पिशवी आणि पिशवीवर टॉवेल. "चल, मंदाला वाघ दाखवू."

मला कोण आनंद! आई आपणहून फिरायला चल म्हणतेय! "आये, पिशवीत काय हाय?"

"खाऊ."

हे खोटं नव्हतं. खाऊ कोणाचा, ते मी विचारलं नाही.

बसमध्ये बसल्यावर पिशवी म्हणाली, "कॉक."

मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. पिशवीने पुन्हा तोंड उघडलं आणि मी घाईघाईने खोकले. पुन्हा "कॉक", पुन्हा मी खोकले. मी अशी बाई, की वाण्याने सुटे पैसे कमी दिले तरी मान खाली घालून घरी येते. आणि आता भरल्या बसमध्ये कोंबड्याच्या तालावर खोकत होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ताई, हा खोकला साधा वाटत नाही. डॉक्टरला दाखवा." पुढच्या सीटवरची बाई उठून मागे जाऊन बसली.

"आये, हा कोंबडा कशाला घेतलास?" मी कानात विचारलं.

"नवसाचा. हलू बोल, लोक बघतान."

लोक काय बघतात ते मला कळत होतं! पण परत फिरायचं म्हटलं तर आई रडणार, आणि रडली तर बसमध्ये रडणार. मी खोकत राहिले.

बागेच्या दारात पाटी होती. चौथीपर्यंत शिकल्याचा उपयोग अशा वेळी होतो. मी एकेक अक्षर लावून आईला वाचून दाखवलं, "प्राण्यांना खाऊ घालू नये. दंड होईल."

"मग? खाऊ नको म्हनतान. आपुन निवेद देताव."

मी खिडकीवर जाऊन आम्हा दोघींची तिकिटं काढली.

आत गेल्या गेल्या आईने पहिल्याच पिंजऱ्यासमोर बसकण मारली, हळदकुंकू काढलं, जमिनीवर वाहिलं, उदबत्ती लावली आणि हात जोडून पुटपुटायला लागली. मी खाली वाकून म्हटलं, "आये, ह्ये साळिंदर हाय."

"आदी का नाय सांगितलंस? अर्धी हलद गेली ना माजी!"

बिबट्या तीन पिंजरे पलीकडे होता. फळ्यांवर आडवा, तोंड भिंतीकडे, लग्नाचं जेवून आलेल्या मामासारखा झोपलेला. आईने राहिलेली हळद त्याच्यासमोर वाहिली, नारळ फोडला आणि मला हुकूम केला, "पदर घे डोक्याव. पोरीला घेऊन बस फुडं." मी बसले. एक बाई थांबली, तिला बघून दोन माणसं थांबली, आणि त्यांना बघून सगळी बागच आली.

"काय आहे हो इथे?" बाईने विचारलं.

मी पदर आणखी पुढे ओढला. उत्तर मंदाने दिलं. "माझा नवस आहे!"

"म्हणजे जागृत आहे?"

"तर!" आईने माझ्याकडे बोट केलं. "वरसा मागून वरसा गेली, हिची कूस उजवली नव्हती. ही पोर झाली ती याच्याच किरपेनं!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बिबट्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. धरणीमाता पोटात घेते असं म्हणतात, पण तिथे सगळीकडे लाद्या बसवल्या होत्या.

पण माणसांची श्रद्धा मोठी. बाईने हात जोडले आणि चार आणे टाकले. मग दहा पैसे, वीस पैसे, रुपये पडायला लागले. एका शेटजींनी तर दोन रुपयांची नोट ठेवून मुलाच्या परीक्षेचं साकडं घातलं. बिबट्या तेवढा झोपलेला.

आणि मग आईने टॉवेल काढला.

लालभडक तुऱ्याचा, चांगला दांडगा कोंबडा. आईने त्याला दोन्ही हातांनी धरला आणि गजांमधून आत ढकलायला लागली. डोकं गेलं, मान गेली, पुढचा कोंबडा काही जाईना. तेवढ्यात हातात खराटा घेऊन तिथला राखणदार धावत आला. तो मराठवाड्याकडचा.

"ओ आजी! काय करायलाव हे? काढा ते बाहेर!"

"तू गप रे! तुज्या पिंजऱ्यात माजा देव हाय!"

एक गजांकडे ढकलतेय, दुसरा बाहेर ओढतोय, आणि मधल्यामध्ये कोंबड्याने बिबट्याच्या तोंडासमोर मान ताणून अशी बांग दिली, अशी दिली, की साळिंदराने काटे उभे केले.

बिबट्या जागा झाला. त्याने कोंबड्याकडे बघितलं. कोंबड्याने त्याच्याकडे बघितलं. मग बिबट्या उठला, मागे मागे सरकला, पाण्याच्या हौदाआड जाऊन बसला आणि आमच्याकडे पाठ केली. नुसती शेपटी दिसत होती. ती थरथरत होती.

"भ्यालं बघा ते!" राखणदार ओरडला. "त्याला कापून, सोलून मटण द्यावं लागतंय. जित्तं कोंबडं जन्मात बघितलं न्हाई त्यानं!"

पण आईला ऐकू कुठे येतंय? ती मटकन खाली बसली. "पाठ फिरवली गो... पाच वरसा वाट बघाया लावली, म्हनून रागावला. नवस घेतला नाय." आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मघापर्यंत मला लाजेने मरावंसं वाटत होतं. आता आईला तशी रडताना बघून वाटलं, मीच त्या पिंजऱ्यात जावं आणि बिबट्याचा कान धरून त्याला पुढे आणावं. शेटजींनी हळूच वाकून आपली दोन रुपयांची नोट उचलली. पण मंदा त्यांच्याकडे बघत होती, म्हणून परत ठेवली.

या सगळ्यात कोंबड्याला कोणी धरलेलं नव्हतं. तो उडाला तो राखणदाराच्या टोपीवर, तिथून मोरांच्या जाळीवर, आणि जाळीला वर भोक होतं तिथून आत. मोर आधी किंचाळले, मग एका कोपऱ्यात गोळा झाले. कोंबड्याने त्यांच्या दांडीवर मधली जागा घेतली.

आता बागेचे साहेब आले. "कोणाचा कोंबडा आहे हा?"

सगळ्या बागेने माझ्याकडे बोट केलं.

"दहा रुपये दंड! आणि आधी तो बाहेर काढा!"

राखणदार जाळीत शिरला. कोंबडा दांडीवर, मग राखणदार दांडीवर, मग दांडी खाली. दोन मोर दारातून निसटता निसटता राहिले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "राहू दे, राहू दे! ठेवा त्याला इथेच आता!"

आईने रडणं थांबवलं. "काय म्हनतंय तो?"

"कोंबडा इथंच ठेवा म्हनतान."

"ठेवून घेतला?" आई उठली. गुडघ्याला हातसुद्धा न लावता उठली! "वाघोबाच्या दारात ठेवून घेतला? जित्ता?" आमच्यात देवाच्या नावाने सोडलेला कोंबडा कोणी कापत नाही. देवाच्या आवारात तो मरेपर्यंत राजासारखा फिरतो. आणि इथे तर सरकारी दाणापाणी! "फिटला गो, फिटला नवस!" असं म्हणत आईने जमिनीवरची सगळी चिल्लर ओटीत गोळा केली आणि साहेबांच्या ओंजळीत ओतली. "घे तुजा दंड!"

साहेबांनी मोजली. कुंकवासकट दहा रुपये भरले. आम्ही वाजतगाजत घरी आलो, म्हणजे मंदा पिपाणी वाजवत होती.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण दोन दिवसांनी आई पुन्हा माझ्या दारात. तोंड उतरलेलं.

"गो, ते दहा रुपये कोनाचे?"

"लोकांचे."

"लोकांनी कोनाला वाहिले?"

"वाघो..." म्हणता म्हणता मी थांबले.

"वाघोबाचं पैसं आपुन आपल्या दंडाला घातलं! नवस फिटला आनि चोरी डोक्याव बसली!"

मी तिला घेऊन पुन्हा बागेत गेले. बिबट्यापुढे पैसे टाकायची आता सोय नव्हती, साहेबांनी तिथे राखणदारच उभा केला होता. शेवटी त्या बिचाऱ्यानेच मार्ग सांगितला. "आजी, तिकिटाचा पैसा ह्याच्याच मटणाला जातो. तिकीट काढा, पोचलं म्हणा." दोघींचं तिकीट मिळून आठ आणे. मी खिडकीवर जाऊन हळूच विचारलं, दहा रुपयांची तिकिटं एकदम मिळतील का. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "माणसं दोन, तिकिटं चाळीस? बाकीची कोणासाठी, कोंबड्यांसाठी?" माझी कीर्ती तिथपर्यंत गेली होती.

मग काय, दर रविवारी बाग! मी, आई आणि फुकटात मंदा. ज्या जागी आयुष्यात पुन्हा तोंड दाखवू नये असं मला वाटत होतं, तिथे मी पाच महिने दर आठवड्याला तोंड दाखवलं. पोरं मागून "कॉक" करायची. कोंबडा मोरांवर हुकूम गाजवत चांगला गुटगुटीत झाला. बिबट्या आई दिसली की आपणहून हौदाआड जायचा. एकदा मी म्हटलं, "आये, बसला किती पैसे गेले बघ. दहाच्या वर गेले." तर म्हणाली, "बसचं पैसं बसवाल्याचं. तो काय देव हाय?"

शेवटचे आठ आणे द्यायचा रविवार आला. आई पुन्हा ठेवणीतल्या लुगड्यात. मी खिडकीत हात घातला, तर तो माणूस हसला. "ताई, तुम्ही आता घरच्याच झालात. आज जा तशाच."

"काय म्हनतंय?" आईने विचारलं.

"पैसे नको म्हनतो."

आईचा चेहरा पांढरा पडला. तो बघितला आणि मला काय झालं कोण जाणे. वाण्याकडे मान खाली घालणारी मी, भरल्या रांगेसमोर खिडकीवर हात आपटून ओरडले, "घ्या म्हणते ना पैसे! फुकट जायला काय समजलात आम्हाला? फाडा तिकिटं! आत्ताच्या आत्ता फाडा!"

मागचे एक गृहस्थ कळवळून म्हणाले, "बाई, आठ आण्यांवरून कशाला वाद? मी भरतो तुमचे."

"तुम्ही हात तर लावून बघा!"

खिडकीतल्या माणसाने घाईघाईने तिकिटं फाडली. आईने डोळे मिटून हात जोडले. "फिटलं गो बाय. सगलं फिटलं." मी विजयी वीरासारखी तिकिटं घेऊन दाराकडे निघाले, तर तिने माझा पदर ओढला.

"कुठं चाललीस?"

"आत. वाघ बघायला."

"आता कशाला? पैसं पोचलं ना. चल, मागारी बसला गर्दी होल."

अशी मी, आयुष्यात एकदाच भांडले, तेही तिकीट विकत घेण्यासाठी, आणि ते न वापरता बाहेरच्या बाहेर घरी आले. देणं मात्र पै न् पै फिटलं.