न वाजलेला ढोल

भूत, चकवा, अंगात येणं... यांतलं काहीही माझ्यासमोर काढलं की सगळ्यांत आधी हसणारा मीच. मित्राच्या काकांना वडावर दिसलेली बाई मी वटवाघूळ म्हणून निकालात काढली होती! त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. तरी लिहितो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात, म्हणजे माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या माणसाला परमुलूखच. मी शिलाई मशिनचा मेकॅनिक. कारंजा (घाडगे) इथल्या एका शिंप्याचं काम उरकलं आणि शॉर्टकटच्या मोहात सायकल सागाच्या जंगलात घातली. चैत्र संपत आलेला, झाडं उघडी, पायाखाली वाळकी पानं... दुपार कलता कलता वाट चुकली ती चुकलीच.

तेवढ्यात ढोल ऐकू आला. जीव भांड्यात पडला – ढोल म्हणजे माणसं आणि माणसं म्हणजे पाणी! सायकल हातात धरून आवाजामागे निघालो. गंमत अशी, की तो जवळही येत नव्हता आणि दूरही जात नव्हता. कुणीतरी ढोल वाजवत माझ्या पुढे चालतंय, असंच वाटत होतं. भीती? अजिबात नाही. उलट थकलेले पाय हलके झाले होते.

जंगल संपलं, गाव दिसलं आणि ढोल थांबला.

गोंडांची वस्ती होती. ओल्या डहाळ्यांचा मांडव, सारवलेलं अंगण, हळदीनं पिवळे झालेले नवरा-नवरी – आणि सगळं चिडीचूप. मांडवात ढोल होता, पण कापडात गुंडाळून ठेवलेला.

"लग्न लागलं का?" मी विचारलं. "ढोल ऐकून आलो."

नवरदेवाच्या म्हाताऱ्या काकानं आधी मला पाणी दिलं, मग म्हणाला, "कोनता ढोल, भाऊ? सकाळपासून आमी त त्याले हातबी नाई लावला."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्यात लग्न नवऱ्या मुलाच्या गावी लागतं. मुलीकडचे सकाळीच चालत आले होते. मुलीचा बाप गेल्या पावसाळ्यात वारला, हा ढोल त्याचा. या घराण्यात लग्नाचं बोलावणं गेलेल्या माणसांनाही जातं. मुलीच्या आईनं शिवेवर जाऊन त्याला हाक मारली होती. तो आल्याची खूण मिळेपर्यंत ढोल उघडायचा नाही, आणि ढोलाशिवाय लग्न नाही.

"दिवस बुडाला का वऱ्हाड वापस," काका म्हणाला. "मंग पुढच्या साली पाहू."

ऊन तर मांडवाच्या कडेला आलंच होतं. नवरी गुडघ्यांत मान घालून बसली होती. तिची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कसा वाजून राह्यला होता? दाखवा ना, भाऊ."

आता आली का पंचाईत! तालाशी माझं जन्माचं वाकडं. शाळेत लेझमीच्या रांगेतून मास्तरांनी मला हाताला धरून बाहेर काढलं होतं. तरी हत्यारांच्या डब्यावर बोटं ठेवली... आणि ती आपली आपण चालायला लागली. एक लांब ठोका, दोन आखूड, मग दम घेतल्यासारखी जरा विश्रांती – आणि पुन्हा तेच.

नवरीनं मान वर केली. "बाबा! बाबाच हाये! त्याले दमा होता, तो असाच थांबे वाजवता वाजवता!"

मला वाटलं, आता किंकाळ्या फुटणार, पळापळ होणार. कुठलं काय! आई चक्क हसली. "आला. सोडा ढोल," एवढंच म्हणाली आणि अख्खं अंगण उसळलं. आमच्याकडची पुष्कळ लग्नं मी पाहिलीत, मानपानावरून फुगलेले व्याहीही पाहिलेत. पण एका माणसासाठी सगळा गाव दिवसभर उपाशी थांबतो आणि तो आल्यावर उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, असं लग्न मी तेवढं एकच पाहिलं. मन भरून आलं माझं.

दुसऱ्या गावचा ढोल वाऱ्यानं ऐकू आला असेल, असं मी स्वतःला बजावून पाहिलं. पण माझ्या बोटांचं काय? त्याचं उत्तर कुणाकडे असेल तर कळवा, वाद घालणार नाही.

लग्न लागल्यावर आईनं पळसाच्या पत्रावळीवर भात-वरण वाढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे त्याचं पान. तुमी त्याले घेऊन आले, त तुमच्याच हातानं खाईन तो."

नको म्हणायला तोंड उघडलं आणि अशी भूक लागली, की तेवढी मला कधीच लागली नव्हती. मी मान खाली घालून जेवत राहिलो. ती समोर बसून होती.

"हळू जेवा," ती म्हणाली. "आता कायची घाई हाये?"

माझ्याकडे बघतच म्हणाली, पण मला म्हणाली नाही.